अन्नवस्त्र आणि वाटा

मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात वारसाहक्काचे नियम आहेत. जन्मांध, बहिरे, मुके आणि आणखी काही जणांना वडिलोपार्जित मालमत्तेत हिस्सा मिळणार नाही, असं तिथे सांगितलं आहे. लगेच पुढच्याच श्लोकात उरलेल्या वारसांवर बंधन घातलं आहे की, या लोकांना जन्मभर अन्नवस्त्र पुरवायचं. जो पुरवणार नाही तो पतित. याज्ञवल्क्यस्मृतीचा निवाडाही असाच आहे, आणि तिच्यावरची विज्ञानेश्वराची मिताक्षरा महाराष्ट्रात शतकानुशतकं प्रमाण मानली गेली. म्हणजे शास्त्रकारांनी अंध भावाला घराबाहेर काढलं नाही. त्याला जेवू घातलं, कपडे दिले, आणि तसं न करणाऱ्याला पापाची भीतीही घातली. फक्त वाटणीच्या वेळी त्याचं नाव घेतलं नाही. १९२८ च्या कायद्याने बहुतेक व्यंगांच्या कारणावरून वारसा नाकारणं बंद केलं आणि १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याच्या २८व्या कलमाने उरलेली फटही बुजवली. जमीनजुमल्यापुरता हा प्रश्न संपला. पण अन्नवस्त्र देणं आणि वाटा देणं या दोन गोष्टींतला फरक आपल्या मनात अजून उतरलेला नाही, आणि तो सगळ्यात स्पष्ट दिसतो तो इंटरनेटवर. तिथे अंध, बहिऱ्या किंवा हात न चालणाऱ्या माणसासाठी काही केलं तर ती आपली दया ठरते, आणि न केलं तर ती फक्त एक राहून गेलेली गोष्ट. माझं म्हणणं असं की, हा दयेचा विषयच नाही. ज्ञान आणि माहिती ही आजची सामाईक मिळकत आहे. ती अशा रूपात मांडणं की एका भावाला ती हातीच लागू नये, हा वाटणीतला अन्याय आहे. आणि असं म्हणायला आपल्याच धर्मविचारात, तोही आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात घडलेल्या विचारात, भक्कम आधार आहे.

याच जिल्ह्यातलं सुप्यासारखं गाव डोळ्यांसमोर आणा. नगर-पुणे महामार्गावरचं, औद्योगिक वसाहतीमुळे झपाट्याने वाढलेलं, पारनेर तालुक्यातलं हे गाव. अशा गावात नोकरीचा अर्ज, सातबारा, दाखले, परीक्षेचा फॉर्म, बँकेचं काम, सगळं आता फोनवर येऊन ठेपलं आहे. दिव्यांगांच्या ओळखपत्राचा, म्हणजे यूडीआयडीचा अर्जसुद्धा ऑनलाइनच भरायचा असतो. आता कुठल्याही गावातल्या कुठल्याही कार्यालयातली एक साधी नोटीस कशी तयार होते ते पाहू. ऑपरेटर ती संगणकावर टाइप करतो. त्या क्षणी ती अक्षरांची बनलेली असते. युनिकोडमध्ये असेल तर पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचणारा स्क्रीन रीडर ती घडाघडा वाचून दाखवील, ब्रेल उपकरणावर ती बोटांखाली उमटेल, मंद नजरेच्या माणसाला ती हवी तेवढी मोठी करता येईल. मग तिची प्रिंट निघते. साहेबांची सही होते, गोल शिक्का बसतो. मग तो कागद स्कॅन होतो किंवा मोबाइलने त्याचा फोटो निघतो, आणि तो फोटो संकेतस्थळावर आणि व्हॉट्सअॅप ग्रुपवर जातो. आता ती नोटीस अक्षरांची राहिलेली नाही, ते एक चित्र झालं आहे. अंध माणसाचा फोन तिच्यापाशी येऊन ‘ग्राफिक’ एवढंच म्हणतो, किंवा पान रिकामं असल्याचं सांगतो. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधला मजकूर असेल तर आणखी विचित्र प्रकार होतो. डोळ्यांना देवनागरी दिसते, पण आत रोमन अक्षरांचे सांकेतिक क्रमांक असतात, म्हणून फोन निरर्थक रोमन अक्षरं बडबडत सुटतो. ऑनलाइन फॉर्ममध्ये रकान्याला नाव जोडलेलं नसेल तर त्याला ‘एडिट, ब्लँक’ एवढंच ऐकू येतं. तिथे आईचं नाव लिहायचं की आधार क्रमांक, हे समजायला वाव नाही. ग्रामसभेच्या चित्रफितीखाली शब्द नसतील तर बहिऱ्या ग्रामस्थाला हलणारे ओठ तेवढे दिसतात. वेबचे सुगम्यतेचे आंतरराष्ट्रीय मापदंड १९९९ साली पहिल्यांदा आले. चित्राला शब्दांत वर्णन जोडा, रकान्याला नाव द्या, अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या रंगात किमान ४.५ ला १ एवढा फरक ठेवा, माउसशिवाय सगळं चालेल असं करा: त्यांच्या आजच्या रूपातल्या पायाभूत मागण्या या अशा साध्या आहेत.

या मागण्यांमागचा विचार मात्र आपल्याकडे जुना आहे. याच जिल्ह्यात, प्रवरेच्या काठी नेवाश्याला, शके १२१२ म्हणजे १२९० साली ज्ञानेश्वरी सिद्ध झाली. गीता त्याआधी होतीच, तिच्यावरची भाष्यंही होती. पण ती संस्कृत जाणणाऱ्यांच्या कह्यात होती. ज्ञानदेवांनी काय केलं हे आपण शाळेत शिकतो. ते कोणत्या युक्तिवादावर केलं, याकडे मात्र फारसं लक्ष जात नाही. अठराव्या अध्यायाच्या अखेरीस ते वेदालाच बोल लावतात: वेद संपन्न खरा, पण त्याच्यासारखा कंजूष दुसरा नाही, कारण तो तीन वर्णांच्याच कानी लागला आणि स्त्री-शूद्रांना दूर ठेवून बसला, ते उणेपण भरून काढायला तोच गीतेच्या रूपाने पुन्हा प्रकट झाला. हा विचार नीट पाहिला पाहिजे. ज्ञान पोचलं नाही, तर उणेपण कुणाचं? तोवरचं रूढ उत्तर होतं, घेणाऱ्याचं: त्याचा अधिकार नाही, तो अपात्र. ज्ञानदेवांनी दोष देणाऱ्याकडे सरकवला, आणि देणारा साक्षात वेद असला तरी त्याची गय केली नाही. घेणाऱ्याने आधी संस्कृत शिकून यावं अशी अट त्यांनी ठेवली नाही. त्यांनी गीतेचं रूप बदललं. सुगम्यतेचं सगळं तत्त्वज्ञान याच एका पालटात आहे. माणूस वेबसाइटसाठी दुरुस्त करायचा नसतो, वेबसाइट माणसासाठी दुरुस्त करायची असते.

यावर कोणी म्हणेल की, ज्ञानदेवांनी जात आणि भाषा यांची भिंत पाडली, डोळे नसण्याशी त्याचा काय संबंध? पण गीतेची रचनाच पाहा. तिचा पहिला श्लोक धृतराष्ट्राच्या तोंडी आहे, म्हणजे गीता सुरूच होते ती एका अंध माणसाच्या प्रश्नाने. महाभारत सांगतं की, व्यासांनी त्याला युद्ध पाहण्यापुरती दृष्टी देऊ केली होती. आप्तांचा संहार पाहायला नको म्हणून त्याने ती नाकारली आणि युद्ध ऐकायचं ठरवलं. मग व्यासांनी संजयाला दिव्यदृष्टी दिली. दृष्टी नाकारली म्हणून व्यासांनी धृतराष्ट्राला वाऱ्यावर सोडलं नाही, त्याला चालेल अशी दुसरी वाट काढून दिली. पुढचे अठरा अध्याय म्हणजे संजयाने अंध श्रोत्यासाठी केलेलं वर्णन आहे. त्यातला अकरावा अध्याय तर संपूर्ण दृश्याचा: अगणित मुखं, अगणित नेत्र, आयुधं, ज्वाळा, हजार सूर्यांचं तेज. संजयाने ‘इथे एक अवर्णनीय दृश्य आहे’ एवढं सांगून पुढे सरकायचं ठरवलं असतं तर विश्वरूप धृतराष्ट्रापर्यंत पोचलं नसतंच, आणि आपल्यापर्यंतही पोचलं नसतं. आज डोळस वाचकसुद्धा विश्वरूप पाहतो ते एका अंध माणसासाठी जुळवलेल्या शब्दांतून. आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. धृतराष्ट्राने काय ऐकावं, काय त्याला झेपेल, हे संजय ठरवत नाही. त्याच्या पुत्रांचा पक्ष अधर्माचा आहे आणि विजय कृष्णार्जुनांकडे जाणार, हेही तो तोंडावर सांगतो. वर्णन करणाऱ्याचा धर्म हा असा पुरतेपणाचा असतो. आपल्या भक्तिपरंपरेत नवविधा भक्तीची पहिली पायरी श्रवण आहे. रामदासांनी दासबोधाच्या चौथ्या दशकाची सुरुवात तिच्यापासूनच केली. कान हे ज्ञानाचं दुय्यम दार आहे असं या परंपरेने कधी मानलं नाही. ते दुय्यम केलं पडद्याने.

सगळ्यात खोल आक्षेप कर्माचा. उघडपणे तो आता फारसा कोणी मांडत नाही, पण मनात मुरलेला असतो: ज्याचं प्रारब्ध त्याच्यापाशी, आपण मदत करावी, पण त्याचे भोग आपण कसे चुकवणार? याला उत्तर द्यायला आपल्या तर्कशास्त्रातली अन्वय-व्यतिरेकाची कसोटी पुरे. अमुक असताना तमुक होतं आणि अमुक नसताना होत नाही, हे पाहून कारण ठरवायचं. एकच अंध विद्यार्थी घ्या. सकाळी तो युनिकोडमधला लेख फोनवर स्वतः वाचतो, डोळस मुलापेक्षा वेगाने वाचतो. दुपारी स्कॅन केलेलं परिपत्रक उघडतो आणि जागच्या जागी अडतो. दोन्ही वेळेला त्याचे डोळे तेच, प्रारब्धही तेच. बदललं ते पानाचं रूप. मग अडण्याचं कारण पान ठरतं, त्याचं पूर्वकर्म नव्हे. न दिसणं त्याच्या वाट्याला कशामुळे आलं याचं उत्तर ज्याने त्याने आपापल्या श्रद्धेने द्यावं. परिपत्रक वाचता न येणं मात्र ज्याने ते स्कॅन करून चढवलं त्याच्या आजच्या कर्माचं फळ आहे, आणि ते भोगतो आहे दुसराच. कर्मसिद्धान्ताचा अर्थ आपण फार काळ उलटा लावला. तो कर्त्याला स्वतःच्या कृतीबद्दल जबाबदार धरण्यासाठी आहे, दुसऱ्याच्या दुःखाचा हिशेब त्याच्याच खात्यावर मांडून मोकळं होण्यासाठी नाही.

दुसरा आक्षेप प्रेमळ आहे. घरात कोणी ना कोणी असतंच की वाचून दाखवायला. आपली संस्कृती एकमेकांना धरून राहण्याची, सगळ्यांनी सगळं एकट्यानेच करावं हा हट्ट कशाला? इथे विदर्भातल्या संत गुलाबराव महाराजांचं उदाहरण घेता येईल. १८८१ साली अमरावती जिल्ह्यात जन्मलेले, तान्हेपणीच दृष्टी गेलेले, स्वतःला ज्ञानेश्वरकन्या म्हणवणारे हे प्रज्ञाचक्षू सत्पुरुष. १९१५ साली, अवघ्या चौतिसाव्या वर्षी ते गेले, तोवर त्यांनी शंभराहून अधिक ग्रंथ सांगून लिहवले होते. दुसऱ्याने वाचावं, यांनी ऐकावं; यांनी बोलावं, दुसऱ्याने उतरवावं. परस्परांच्या आधाराने किती मोठं काम होऊ शकतं, याचं याहून तेजस्वी उदाहरण मराठीत नाही, आणि हा आधार हलका आहे असं मी म्हणणार नाही. पण त्यांना वाचून दाखवायला माणसं लाभली, ग्रंथ हाती आले. ज्यांना कोणी लाभलं नाही अशा किती प्रज्ञा खेड्यापाड्यांत ओटीवर बसून विझल्या असतील, त्याची नोंद कुठेच नाही. शिवाय ग्रंथ ऐकणं वेगळं आणि बँकेचा ओटीपी, रक्ततपासणीचा अहवाल, वाटणीपत्राचा मसुदा किंवा कुणाचं खाजगी पत्र दुसऱ्याकडून वाचून घेणं वेगळं. जमिनीच्या वादात ज्या भावाविरुद्ध तक्रार आहे त्याच्याकडूनच नोटीस वाचून घ्यायची वेळ आली, तर प्रेमळपणाचा हा सगळा युक्तिवाद कोसळतो. आधार स्वीकारणं मोठेपणाचं तेव्हाच, जेव्हा तो नाकारण्याचीही सोय असते. नाहीतर ते पुन्हा भावाच्या मर्जीवरचं अन्नवस्त्रच.

संख्येचा आणि खर्चाचा आक्षेप मी थोडक्यात हातावेगळा करतो. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सुमारे २९ लाख ६३ हजार दिव्यांग व्यक्ती नोंदल्या गेल्या. मोतीबिंदूने नजर गेलेले, हात थरथरणारे, कमी ऐकू येणारे वृद्ध यात किती धरले गेले असतील हा प्रश्न वेगळाच. पण संख्या लहान असती तरी युक्तिवाद बदलला नसता. पाच भावांत एकच अंध आहे, तेव्हा त्याच्या वाट्याचा विचार नंतर करू, असं आज कोणतंही न्यायालय ऐकून घेणार नाही. खर्चाचं म्हणाल, तर वरच्या नोटिशीकडे पुन्हा पाहा. ती टाइप झाली तेव्हा सुगम्यच होती. कागद, शाई आणि वेळ खर्चून आपण तिला दुर्गम केलं. डिजिटल सही केली, किंवा शिक्क्याच्या प्रतीसोबत मूळ मजकूरही चढवला, तर खर्च वाढत नाही. स्क्रीन रीडरही महाग राहिलेला नाही. एनव्हीडीए हा ऑस्ट्रेलियातल्या दोन अंध तरुणांनी घडवलेला वाचक फुकट मिळतो आणि मराठी वाचतो. चालू असलेली मोठी जुनी वेबसाइट दुरुस्त करायला मात्र खरोखर पैसा आणि महिने लागतात, हे मान्य केलं पाहिजे. तिथे क्रम लावावा लागेल, आणि ज्या पानावाचून माणसाचं अडतं ते आधी घ्यावं.

सुरक्षेचा मुद्दा अधिक विचार करण्यासारखा आहे. कॅप्चा, चेहरा ओळखणं, पापणी लववून दाखवणं, हे सगळं लबाड माणसाला रोखायला आहे आणि लबाडी खरीच असते. याच मातीतला एक दाखला इथे बोलका आहे. महानुभाव पंथाच्या चक्रधरस्वामींनी उपदेश मराठीत केला; त्यांच्या मागे नागदेवाचार्यांनी, संस्कृतात लिहिलं तर साध्या बायाबापड्या वंचित होतील म्हणून केशोबासांना मराठीतच लिहायला लावलं. स्वामींचं लीळाचरित्र जमवणारे म्हाइंभट याच जिल्ह्यातल्या सराळ्याचे. आणि याच महानुभाव पंथाने पुढे आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत बंद केले. हेतू वाईट नव्हता: परक्या हाती पडून विटंबना होऊ नये, पाठात भेसळ शिरू नये. पण परिणाम असा की, मराठी गद्याचं ते आद्य वैभव मराठी समाजाला शेकडो वर्षं दिसलं नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे आणि वि. ल. भावे यांच्यासारख्यांच्या खटपटीने ते उलगडू लागलं. कुलूप घालताना कुणाला बाहेर ठेवायचं हे ठरलेलं असतं. कुणाकुणाला बाहेर ठेवलं गेलं, हे नंतर कळतं. बँकेच्या ई-केवायसीत नेमकं हेच झालं. कॅमेऱ्यासमोर पापण्या लववा, ही अट अॅसिडहल्ल्यात चेहरा होरपळलेल्या आणि अंध व्यक्तींना पुरी करताच येत नव्हती. प्रज्ञा प्रसून आणि अंध वकील अमर जैन यांच्या याचिकांवर ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, डिजिटल सेवांपर्यंत पोचता येणं हा राज्यघटनेच्या २१व्या अनुच्छेदातल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, आणि केवायसीच्या पद्धती बदलण्यासाठी वीस निर्देश दिले. सुरक्षा सोडा, असं न्यायालय म्हणालं नाही. माणूस जिवंत आहे हे पडताळायला दुसरीही वाट ठेवा, असं म्हणालं.

राहिला सगळ्यात नवा आक्षेप, आणि तो कसदार आहे. आता यंत्र चित्रातली अक्षरं ओळखतं, फोटोचं वर्णन करतं, बोललेलं लिहून देतं. मग वेबसाइट बनवणाऱ्यांच्या मागे कशाला लागायचं? ही साधनं अंध मित्रांच्या रोजच्या उपयोगाची झाली आहेत, त्यांना नाकं मुरडण्यात अर्थ नाही. पण शिक्क्याखाली झाकलेला गट क्रमांक किंवा क्षेत्राचा आकडा यंत्राने चुकीचा वाचला, तर तो चुकला हे ऐकणाऱ्याला कशावरून कळणार? मूळ टाइप केलेल्या मजकुरात हा धोकाच नव्हता. आणि फोटोत मंचावर चार माणसं बसली आहेत, हे यंत्र सांगेल. त्यातला सरपंच कोण आणि ज्याच्यासाठी सभा भरली तो शेतकरी कोण, हे फोटो टाकणाऱ्यालाच ठाऊक असतं. संजय योद्ध्यांना नावानिशी ओळखत होता, म्हणून त्याच्या वर्णनाला किंमत. शिवाय यंत्राच्या भरवशावर राहणं म्हणजे ओझं पुन्हा घेणाऱ्याच्या डोक्यावर टाकणं: त्याने महागडा फोन घ्यावा, त्याने डेटा भरावा, त्याने चुका सोसाव्यात. ज्ञानदेवांनी उलटवलेलं उत्तर आपण पुन्हा सुलटं करून ठेवतो.

कायदा तरी आता या बाजूने आहे. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने माहिती-तंत्रज्ञान सुगम्य असणं बंधनकारक केलं. राजीव रतुरी खटल्यात ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या कायद्याखालचा, शिफारसवजा राहिलेला नियम रद्द ठरवून सक्तीचे मापदंड करायला सांगितले. सुप्याच्या लोकांना तर जवळचा धागा आहे. माहितीच्या अधिकाराची महाराष्ट्रातली चळवळ याच पारनेर तालुक्यातल्या राळेगणसिद्धीहून उभी राहिली. माहिती अधिकाराच्या २००५ च्या केंद्रीय कायद्यातलं सातव्या कलमाचं चौथं पोटकलम फार कमी जणांना माहीत असतं: ज्ञानेंद्रियाचं अपंगत्व असलेल्या व्यक्तीला माहिती मिळवता येईल असं साहाय्य देणं माहिती अधिकाऱ्यावर बंधनकारक आहे. म्हणजे अंध नागरिकाला स्कॅन केलेली प्रत देऊन अधिकारी सुटत नाही. दुसरीकडे, ग्रामपंचायतींना स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करावा लागतो. तो निधी वाटला जातो, साहित्य दिलं जातं, आणि गरज आहे तिथे ते द्यायलाच हवं. पण त्याच पंचायतीची ग्रामसभेची नोटीस त्याच माणसाला वाचता येत नसेल, तर निधी कसा खर्चावा हे ठरवताना तो सभेत नसतो. एखाद्या ग्रामसभेने यावर ठराव करायचा म्हटलं तर तो चार ओळींत मावेल: प्रत्येक नोटीस युनिकोड मजकुरात चढवावी, सहीची प्रत सोबत जोडावी, प्रत्येक फोटोखाली माणसांची नावं आणि प्रसंग लिहावा, सभेच्या चित्रफितीला शब्दपट्टी द्यावी, आणि संकेतस्थळ बनवणाऱ्याचं शेवटचं बिल, गावातल्या किंवा तालुक्यातल्या अंध व्यक्तीने ते स्वतः वापरून पाहिल्यावरच काढावं, त्या कामाचं मानधन तिला देऊन.